ग्लेनिसच्या गाडीचा नवा मेंदू

४ जून
ग्लेनिस आज होबार्टला गेली. बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. महिनाभर मी एकटा. विमानतळावर तिने मला जवळ घेतलं आणि कानात म्हणाली, "माझी गाडी आठवड्यातून एकदा सुरू कर. बाकी तिला काही करू नकोस." कानात म्हटल्यावर मला वाटलं होतं, काहीतरी वेगळं असेल.

पण मी करणार आहे. जुलैत ग्लेनिस साठीची होते. तिची ही लाल, दोन सीटांची, उघड्या टपाची गाडी नव्वद सालची. इंजिन चालवणारा कॉम्प्युटरही तेव्हाचाच. तो काढून आधुनिक बसवायचा. सरप्राइज! पार्सल माझ्या पलंगाखाली आहे.

गाडी उत्तम चालते, मान्य. पण जन्मभर बॅलरॅटमध्ये घरं विकली मी. सुधारणेला वाव कुठे आहे ते मला दारातूनच दिसतं.

एक वीकेंड पुरे.

७ जून
जुना कॉम्प्युटर काढला. सोपं होतं. नव्याचा प्लग मात्र वेगळा निघाला. मध्ये जोडायची तयार वायरिंग मिळते म्हणे, काहीच कापावं लागत नाही. ती भित्र्या लोकांसाठी. मी सरळ कात्री चालवली.

कापण्याआधी प्रत्येक वायरीला टेप लावून नाव लिहिलं. पद्धतशीर काम.

८ जून
ऑस्ट्रेलियातला जून म्हणजे ऐन हिवाळा, गॅरेजमध्ये ओल असते हे लक्षात यायला हवं होतं. सगळ्या टेपा खाली पडल्या आहेत. नावं सुवाच्य आहेत.

संध्याकाळी ग्लेनिसचा फोन. गाडी कशी आहे? म्हटलं, निवांत आहे. हे खोटं नाही.

१४ जून
रविवारी क्लबच्या लोकांना दाखवायची असं ठरवलं होतं, ते पुढे ढकललं. घाई नको.

क्लबबद्दल एकदा लिहूनच टाकतो. जुन्या गाड्यावाले तिथे जमतात. सगळे ग्लेनिसला विचारतात. क्लच कुठला, टायर कुठले, टप गळतो का. मला कोणी विचारलं तर एवढंच, की रॉस, चहा आणतोस का? तर आता विचारतील.

वायरी रंगावरून जोडल्या. इंटरनेटवरचं चित्र दुसऱ्या सालच्या गाडीचं आहे, पण रंग ते रंगच. चावी फिरवली. इंजिन गप्प. रेडिएटरचा पंखा सुरू झाला. चावी काढली तरी पंखा चालूच. म्हणजे वीज पोचतेय! प्रगती आहे. जेवायला गेलो.

१५ जून
बॅटरी उतरली.

१९ जून
आज इंजिन जवळजवळ सुरू झालं. म्हणजे आवाज झाला. सायलेन्सरमधून तीन बार उडाले, आणि शेजारच्या लॉर्नाने पोलिसांना फोन केला, की रॉस बायको नसताना गोळ्या झाडतोय.

एक तरुण हवालदार आला. मी त्याला समजावलं की ठिणगी केव्हा पडायची हे आधी यंत्राने तपासून जुळवायचं असतं, ती पायरी मी तूर्त वगळली आहे. त्याने गॅरेजमध्ये डोकावून वायरींचा तो गुंता बघितला. त्याचा चेहरा पडला. "आजोबा, गाडी कोणाची?"

माझीच, म्हटलं.

आजोबा! आणि लॉर्ना कुंपणावरून ओरडली, "खोटं बोलतोय तो! गाडी ग्लेनिसची आहे!" हवालदाराने काही लिहून घेतलं नाही. नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवून गेला. लिहून घेतलं असतं तर बरं वाटलं असतं.

२१ जून
क्लबच्या नेव्हिलचा फोन. लॉर्नाकडून कळलं असावं. येऊन बघू का, दोघं मिळून एका दुपारी लावून टाकू, म्हणाला. मी म्हटलं, अरे, गाडी पळतेय! वाऱ्यासारखी! तो म्हणाला, "बरं तर, रॉस."

हे मात्र खोटं होतं. पण व्यवहारात थोडं आधी बोलावं लागतं. मागून खरं करता येतं.

ग्लेनिसचाही फोन. बहीण चालायला लागली, गुरुवारीच परत येतेय. "मला घ्यायला माझीच गाडी आण हं. फार आठवण येते तिची." तिची.

हो म्हणालो.

२४ जून
नियोजन: आज वायरी पुन्हा जोडायच्या, उद्या चाचणी, परवा पॉलिश.

दुपारी. डॅशबोर्डखालून धूर आला. एका वायरीपासून दुसरीने पेट घेतला. अग्निशामक नळकांडं मी बरोबर वापरलं, हे नमूद करतो. पांढरी पूड सीटवर, टपावर, सगळीकडे. नवा कॉम्प्युटर वितळला आहे. जुना ठीक आहे, पण तो आता कुठल्या वायरींना जोडायचा?

नेव्हिलला फोन करावासा वाटला. पण त्याच्या हिशेबी गाडी पळतेय.

२६ जून
माझ्या पांढऱ्या गाडीतून विमानतळावर गेलो. लाल गाडी सर्व्हिसिंगला दिलीय असं सांगितलं. ग्लेनिस वाटभर खूश होती. उन्हाळ्यात टप उघडून समुद्रापर्यंत जाऊ, म्हणाली. मी रेडिओ लावला.

घरी आल्यावर तिला जळका वास आला, तशी कोट न काढता ती गॅरेजकडे गेली. मी म्हटलं, आधी चहा घे. ती थांबली नाही.

मी भाषण तयार केलं होतं. भविष्यातली गुंतवणूक वगैरे. ती पूड झटकून सीटवर बसली. हात स्टिअरिंगवर. कापलेल्या वायरी तिच्या गुडघ्यावर लोंबत होत्या.

मग तिने विचारलं, "काय बिघडलं होतं हिच्यात?"

"काही नाही."

"मग?"

भाषण आठवेना. तोंडातून भलतंच निघालं. "क्लबमध्ये सगळे तुलाच विचारतात."

तिने माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर मी काहीतरी उत्तर दिलं असतं. "अरे, एवढ्या वर्षांत तू एकदा तरी म्हणालास का, की मला चालवू दे? मी चावी दिली असती की, रॉस. त्याच दिवशी दिली असती."

खरं आहे. कधीच म्हणालो नाही. ती देणार नाही असं मी धरून चाललो होतो आणि त्याचा रागही मनात ठेवून होतो.

२७ जून
गाडी दुरुस्तीला न्यायला ट्रक आला. लॉर्ना आणि तिचा पुतण्या फाटकात उभे. ट्रकवाल्याने विचारलं, "आग लागली होती का?" ग्लेनिस म्हणाली, "नाही, दुरुस्ती."

तशा दुसऱ्या गाडीची अख्खी वायरिंग मिळाली तर गाडी चालेल. मिळाली तर. ग्लेनिस ट्रकमध्ये पुढे बसून गेली. मला चल म्हणाली नाही. मी गॅरेज झाडलं. जमिनीवर मधोमध गाडीएवढी जागा कोरडी राहिली आहे.

३० जून
ग्लेनिसची रजा संपली, आजपासून पुन्हा हॉस्पिटलात ड्यूटी. सकाळी कडाक्याची थंडी. मी लवकर उठून माझी गाडी बाहेर काढली, काचेवरचं बर्फ खरवडलं, हीटर लावला, तिच्या बाजूची सीट गरम केली. रोज सोडायचं आणि आणायचं, असं ठरवलंय.

ती बाहेर आली. खिडकीवर टकटक केली. मी काच खाली केली.

"आत जा, रॉस. गारठशील," म्हणाली, आणि बसस्टॉपकडे चालत गेली.

मी हीटर बंद केला.