पुढची रांग

प्रिय ग्रॅहमदादा,

हे पत्र कॅनडाला तुझ्यापर्यंत पोहोचेल असे वाटत नाही, कारण तुला काही कळवायचे नाही अशी आईने मला शपथ घातली आहे.

ग्रिम्सबीच्या बाजारपेठेतले आईच्या नोकरीचे दुकान, आपले फेअरबर्न्स, शेवटच्या घटका मोजते आहे. इतर गावांतली त्याची दुकाने केव्हाच बंद झाली. इथेही नवा माल येत नाही, तरी फळ्या भरलेल्या दिसतात. उरलेल्या वस्तू आई फळीच्या काठापर्यंत पुढे ओढून लावते. मागे पोकळी असते. "गिऱ्हाइकाला मागचं दिसता कामा नये," हे ती नव्या मुलींना वर्षानुवर्षे शिकवत आली. आता शिकवायला मुली उरल्या नाहीत, आणि तिचे कामही आठवड्यातून एका दिवसावर आले आहे.

हल्ली ती माझ्याबरोबर जेवत नाही. "मी मघाशीच खाल्लं गं. तू जेव, नि बस तुझं पुस्तक घेऊन," म्हणते. आज साखर शोधताना मी स्वयंपाकघरातले कपाट उघडले. बीन्सचे आणि सूपचे डबे अगदी काठाशी, लेबले समोर करून, शिस्तीत उभे होते. मी एक डबा उचलला. मागे काहीच नव्हते.

तेवढ्यात आई आत आली. मला वाटले, ती रडेल किंवा रागावेल. तिने डबा माझ्या हातून घेतला, जागेवर नीट ठेवला आणि हळूच म्हणाली, "बाजूला हो बाळा, गिऱ्हाईक येतंय."

घरात आम्ही दोघीच होतो, दादा.

तुझी घाबरलेली,
बेथनी