आत्याबाईचा हिरवा शेरा

प्रिय दादा,

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस, मेलला उत्तर देत नाहीस, म्हणून शेवटी कागद-पेन घेऊन बसलेय. अक्षर लागत नसेल तर दोष उत्साहाचा आहे, गेला आठवडाभर मी एका जागी धड बसलेली नाही. फाडायचं असेल तर फाड, पण आधी एवढं वाच: आपली आत्याबाई लांब लांब पोचलीय, आणि त्यातूनच तुझ्या त्या दिवसाबद्दल एक गोष्ट बाहेर आलीय. क्रमानं सांगते, नाहीतर मी नेहमीसारखी मधूनच सुरू होईन आणि तू म्हणशील, वळवळ, आधी श्वास घे.

चष्म्याच्या कारखान्यातली आपली ती मागची खोली डोळ्यासमोर आण. पलीकडे भिंगं घासायचं मशीन, भिंतीला कान लावला तर दात शिवशिवायचे, आणि अलीकडे एकाच टेबलावर आपण दोघं. दुकानांतून डोळ्यांचे नंबर यायचे, आपला प्रोग्रॅम ते मशीनला सांगायचा. तू कोड लिहायचास, मी तो पुढे पाठवायचे, आणि पाठवण्याआधी तपासायचं दोघंही विसरायचो. मग तो फुटक्या स्क्रीनचा लॅपटॉप आपण कपाटावर चढवला आणि दोनशे ओळींचं आपलं टूल लिहिलं. कुणी काही बदललं की ते उचलायचं, रिकाम्या जागी मांडायचं, कोडची उत्तरं पडताळायला आपणच लिहून ठेवलेल्या सगळ्या टेस्ट चालवायच्या, आणि हिरवा शेरा मिळाला तरच मशीनकडे सोडायचं. महागडं काही नाही, बाहेरच्या कुणाचा सर्व्हर नाही, सगळं आपल्या कपाटावर. नाव तूच ठेवलंस. तुझी आई, म्हणजे माझी आत्या, कुणालाही दारात अडवून कॉलर, बटणं, रुमाल बघते आणि मगच जा म्हणते, म्हणून आत्याबाई. तिला हे अजून माहीत नाही, आणि आपण दोघं जिवंत आहोत ते त्यामुळेच.

तू नोकरी सोडून गेल्यावर सहा महिन्यांनी मी आत्याबाई नेटवर मोकळी सोडली. कुणीही घ्या, वापरा, बदला. सोबत अर्ध्या पानाची माहिती, तीही घाईत लिहिलेली. वाटलं होतं काळं कुत्रंही विचारणार नाही. आणि दादा, लोक आले. नदीची पातळी मोजणारा एक इंजिनिअर आला, त्याच्या पंपघरातल्या धुळकट कॉम्प्युटरवर ती चालते. एका वाद्यवृंदाचा लायब्ररियन आला, नोटेशनची पानं छापण्याआधी तो ती आत्याबाईला दाखवतो. त्यानं विचारलं, हे आत्याबाई म्हणजे काय? मी कळवलं, वडिलांची बहीण. त्याचं उत्तर आलं, आता सगळं समजलं, मलाही एक आहे. मी खुर्चीवर उभी राहून हे भिंगवाल्या काकांना वाचून दाखवलं. काका मशीन बंद न करताच म्हणाले, उतर खाली, पडशील, चष्मा फुटला तर तुझा नंबर मलाच घासावा लागेल.

आता मुद्द्यावर येते. गेल्या मंगळवारी एका बाईंचा मेल आला. त्या ब्रेलमध्ये पुस्तकं छापतात. त्यांची एक पद्धत आहे: नवीन मदतनीस ठेवला की पहिल्या दिवशी त्याच्या हातात मुद्दाम चुकलेलं पान द्यायचं, तो पकडतो का बघायचं. आत्याबाईलाही त्यांनी तसंच पान दिलं. आत्याबाई म्हणाली, हिरवं. बाईंनी आणखी वाईट पान दिलं. हिरवं. मग उलटं पान दिलं. हिरवं. त्यांनी अगदी सभ्यपणे लिहिलं होतं, तुमची आत्या फार प्रेमळ दिसते. खाली दुरुस्तीची एक ओळ होती.

मी ती ओळ वाचली आणि माझे कान तापले. टेस्ट काय बोलतात ते फाइलमध्ये साठवायची सोय मी मागाहून घातली होती ना, तुला न दाखवता, एका दुपारी? त्यात टेस्ट बोलणार आणि दुसरा छोटा प्रोग्रॅम ते लिहून घेणार. पास की नापास हे टेस्टना विचारायला हवं होतं. मी विचारलं लिहून घेणाऱ्याला. त्याला काय, त्याचं लिहून झालं की तो म्हणणार, सगळं ठीक. त्या दुपारनंतर आत्याबाईनं कुणालाच नापास केलं नाही. आणि मी मिरवत होते की आपला कोड किती सुधारला.

ती दुपार कधीची, हे बघायला मी तारीख काढली. एकतीस चष्म्यांच्या तीन आठवडे आधीची.

तुला आठवण करून द्यायची गरज नाही, पण लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. तुझ्या बदलात मायनसचं चिन्ह गळलं, एकतीस लोकांना मायनसच्या जागी प्लसची भिंगं गेली, आणि त्यातल्या एक, शाळेतल्या बाई, जिन्यावरून पडल्या, मनगट मोडलं. बॉसनं सगळ्यांना त्याच खोलीत उभं केलं. तू म्हणालास, चूक माझी, पण मायनससाठी मी टेस्ट लिहिली होती, ती अडायला हवी होती, एकदा हातानं चालवून बघू. आणि मी, तुझी मामेबहीण, सात माणसांसमोर म्हणाले, आत्याबाई खोटं बोलत नाही, तुझी टेस्टच बोगस असेल. तोवर जुना कोड परत चढवला होता, तुझा लॅपटॉप काढून घेतला होता, कुणीच काही चालवून बघितलं नाही. त्या रविवारी तुमच्या घरी जेवताना मी तेच परत बोलले, फक्त टूलचं नाव न घेता. आत्या तुला म्हणाली, टेस्ट खोटी असेल तर कबूल कर. तू ताटावरून उठलास.

दादा, मी त्या दिवसाची फाइल उघडली. हिरवं आलं की ती कुणी उघडायचंच नाही. अकरावी ओळ: मायनस अडीच हवं होतं, प्लस अडीच मिळालं, नापास. तुझी टेस्ट अडली होती. अगदी बरोबर ठिकाणी अडली होती. मी ओरडले, खरंच ओरडले, काका मशीन बंद करून धावत आले. मला इतका आनंद कधी झाला नव्हता, आणि इतकी लाजही नाही. दोन्ही एकदम आलं.

दुरुस्ती त्याच दिवशी सगळ्यांना पाठवली, मागचे शेरे पुन्हा तपासा असंही कळवलं. आमच्याकडे आणखी सहा खोटे हिरवे निघाले, नशिबानं किरकोळ. सोमवारी मी बॉससकट सगळ्यांना त्याच खोलीत उभं केलं आणि अकरावी ओळ मोठ्यानं वाचली. बॉस म्हणाला, तांत्रिक बिघाड म्हणू या. मी म्हणाले, नाही, माझी चूक म्हणू या. काका एवढंच बोलले, आम्हाला काय सांगतेस, त्याला सांगितलंस का?

म्हणून हे पत्र. येत्या रविवारी मी तुमच्या घरी जातेय, त्याच टेबलाशी बसून आत्याला आणि सगळ्यांना सांगणार आहे की तू खरं बोलत होतास आणि मी न बघता बोलले. तू ये असं म्हणत नाहीये, मला माफ कर असंही नाही, नोकरीवर परत येणं तर अजिबात नाही. फक्त त्यांच्या आधी तुला कळायला हवं होतं, आणि तेही माझ्याकडूनच. सोबत त्या फाइलचं छापलेलं पान आहे. अकराव्या ओळीखाली मी रेघ मारलेली नाही, तुला लगेच सापडेल.

तुझीच,
वळवळ