निरांजनाला झोत नको

आई, नव्या घराला हीटिंग कोणतं घ्यायचं ते मी ठरवलं, घेतलं आणि बसवूनही झालं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "घरभर ऊब विकत कसली घेता? गोधड्या शिवा." नागपूरच्या थंडीत आपल्याकडे हीटिंग म्हणजे तूच होतीस. सकाळची आरती झाली की तू निरांजनावर तळवे धरायचीस आणि शाळेला निघालेल्या आमच्या कानांवर दाबायचीस. कान गरम व्हायचे आणि त्यांना तुपाचा वास यायचा.

तुला जाऊन कितीतरी वर्षं झाली. बाबा एकटेच राहत होते. मध्ये एका हिवाळ्यात ते इथे अमेरिकेत, हर्नडनला आमच्या भाड्याच्या घरी आले. तिथलं फर्नेस सुरू झालं की गरम वारा भसाभसा अंगावर, बंद झालं की पुन्हा गारठा. बाबांची माकडटोपी घरातसुद्धा उतरली नाही, पण त्याची त्यांनी तक्रार केली नाही. देव मात्र मी नेमके त्या वाऱ्याच्या वाटेत मांडले होते आणि निरांजन लावलं की विझायचं. "जिथे दिवा टिकत नाही तिथे माझं मन कसं टिकेल?" म्हणाले आणि लवकर परत गेले. या वेळी मी कायमचं बोलावलं तेव्हा म्हणाले, "येतो. पण परतीचं तिकीट काढून ठेव. पुन्हा तसंच झालं तर मला अडवू नकोस." या वयात ते परत गेले असते तर पुन्हा आले नसते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

नव्या घराच्या भिंती जाड आहेत, खिडक्यांना तिहेरी काचा आहेत, फटी सगळ्या बुजवलेल्या. अशा घराला ऊब थोडकीच लागते. तरी हीटिंगवाला मोठ्या फर्नेसवर अडून बसला. तुझ्या जावयाचं तिसरंच. "यार, फ्लोअर हीटिंग घेऊन टाकू ना. बाबा पाटावर बसतात, खालून मस्त गरम वाटेल." मी म्हटलं, अरे, हे घर इतक्या थोडक्यात तापतं की फरशी पायाला गरम लागेल इतकी तापवावीच लागणार नाही. हिशोब मी स्वतः केला होता. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घरात आणणारा हीट पंप घ्यायचा हे नक्की झालं, प्रश्न उरला तो वारा कुठून सोडायचा याचा. मग मी पर्समधून निरांजन, तूप आणि वात घेऊन शोरूममध्ये गेले.

"मॅम, नो कँडल्स, प्लीज," हीटिंगवाला म्हणाला.

"कँडल नाही, टेस्ट आहे," मी इंग्रजीत ठणकावलं.

भिंतीवरच्या मशीनखाली ज्योत आडवी झाली आणि विझली. छतात लपवलेल्या, संथ वारा सोडणाऱ्या जाळीखाली ती जराशी वाकली आणि सरळ उभी राहिली. मी म्हटलं, हेच. त्याने डोकं खाजवलं आणि आमच्या घराचा नकाशा मागवून देवघराजवळची जाळी स्वतःच दूर सरकवली.

बाबा आले तेव्हा बाहेर बर्फ होतं. पहिल्या सकाळी त्यांनी निरांजन लावलं आणि आम्ही सगळे श्वास रोखून बघत राहिलो. ज्योत हलली नाही. दुसऱ्या दिवशी टोपी काढून त्यांनी विचारलं, "अगं, तुझं ते मशीन बंद आहे का?" महिन्याभराने म्हणाले, "ते परतीचं तिकीट कॅन्सल करून टाक." त्या दिवशी मी काय रुबाबात वावरले म्हणून सांगू.

हे पत्र बाबांना वाचून दाखवायचं मनात होतं, पण नाही दाखवणार. आरती घेताना हल्ली माझे हात ज्योतीवर जरा जास्त वेळ राहतात. लेक उशिरा का होईना देवाला लागली, असं ते फोनवर सगळ्यांना सांगतात. मी त्यांना तसं सांगू देते. ते पाठमोरे झाले की तळवे मी माझ्याच कानांवर दाबून धरते. या घरात कान कधी गार पडत नाहीत, आई. तरी धरते.