कुसाबाईचा खिळा

२७ ऑक्टोबर, सोमवार
आजही कुसाबाई नाही. हिरवा दोरा बांधलेला तिचा चहाचा मग दिवाळीच्या आधीपासून खिळ्यावर तसाच लटकतोय. नदीच्या घाटाचं काम सुरू झाल्यापासून तिथे झोपणारे लोक पांगलेत, कोण कुठे झोपतं पत्ता लागत नाही. पण आमच्या बेघरांच्या केंद्रावरची सकाळची आंघोळ आणि चहा ती कधी चुकवत नसे. पाणी गार असलं तर माझ्याशी भांडायची!

केंद्र चालवणाऱ्या धनराजसरांचा नियम ऐकायला छान — ज्याला घर मिळेल त्याने आपला मग सोबत न्यायचा. आजवर नेला कोणी? इथले खिळे रिकामे होतात ते हॉस्पिटलमधून फोन आल्यावर.

३० ऑक्टोबर
नवीन माणूस आलाय, रावजी. बसस्टँडवर झोपतो. त्याला द्यायला मग शिल्लक नाही. सर म्हणाले, "कुसाबाईचा द्या." मी नाही म्हटलं. सरांना तोंडावर नाही म्हटलं — माझं मलाच नवल!

रावजी स्वतःच म्हणाला, "नको ताई. मेलेल्या माणसाचा खिळा. लाभायचा नाय." संताप आला. ती मेलीय असं कोणी सांगितलं याला? शेवटी माझाच मग त्याला दिला.

३१ ऑक्टोबर
सरकारी दवाखान्यात जाऊन आले. बेवारसांच्या वॉर्डात नाही. शवागारात विचारलं. तिथेही नाही. बाहेर येऊन उसाचा रस प्यायले आणि रडले.

३ नोव्हेंबर
काही नाही. तिचा मग घासून परत खिळ्यावर लावला.

७ नोव्हेंबर
आली!!

दारातूनच आवाज — "माझा मग कुणी उष्टावला तर नाय?" हातावर विळ्याचे ओरखडे, डोक्यावर तांदळाचं गाठोडं. म्हातारी भात सोंगायला घोटीकडे गेली होती! जीपवाला मजूर न्यायला आला, ही चढली. सुरगाण्याची, भातशेतीत वाढलेली बाई, विळा हातात घेतल्यावर तिला कसली आठवण राहते!

"सांगून जायचं ना मावशी. इथे माझा जीव टांगणीला लागला होता."

"मला कुणी शोधंल, असं वाटलंच नाय गं."

पाणी कडकडीत तापवून दिलं. आज भांडली नाही.

चहा पिताना सांगत होती — शेतमालकाच्या आईचा पाय मोडलाय, सोबतीला बाई हवी. मागची खोली देतायत. मी पगाराचं विचारलं, कोणी त्रास तर देणार नाही ना विचारलं. तिचं उत्तर एकच. "आतून कडी हाय बाय."

तिने आपला मग धुतला, पदराला पुसला आणि गाठोड्यात घातला. जीपपर्यंत सोडायला गेले. आज गाढ झोप लागेल.

८ नोव्हेंबर
सकाळी रावजीने आपला मग काढला आणि कुसाबाईच्या खिळ्यावर लावला.