टेलरचा फॉर्म

सोमवार, ३
आजपासून कागदांची फी. रजेचा दाखला, फिटनेस, विमा, कोर्ट, सगळ्याला. वकील सहीचे पैसे घेतो, मी काय धर्मादाय दवाखाना काढलाय? काउंटरवर बोर्ड लावला. पेशंट तुटतील, कंपाउंडर म्हणाला. त्याला प्रोफेशन कळत नाही.

मंगळवार, ४
पहिला दाखला मेव्हण्याचा. ऑफिस बुडवायला ताप हवा होता. फी कशी मागणार? नातेवाईक अपवाद. दुपारी घरमालकाचा फिटनेस. तोही अपवाद. बाकी नियम कडक.

गुरुवार, ६
समोरचा टेलर गेल्या महिन्यात हार्टने गेला. त्याची बायको विम्याचा फॉर्म घेऊन आली. फी सांगितली. बाईंनी लगेच पर्स उघडली. बघा, मागितलं की मिळतं! सोमवारी या म्हणालो.

सोमवार, १०
दोन पानं भरली. तिसऱ्यावर प्रश्न: छातीत दुखण्याची तक्रार प्रथम केव्हा केली? काय उपचार दिले? जुना केसपेपर शोधावा लागेल. बाईंना परत पाठवलं.

बुधवार, १२
सापडला. आठ महिन्यांपूर्वीचा. माझंच अक्षर. छातीत जळजळ, डावा हात जड. ॲसिडिटीची गोळी. ईसीजी नाही. त्या दिवशी गर्दी असणार. कोपऱ्यात त्या दिवशीचा पेशंट नंबर लिहिलाय, चार.

शुक्रवार, १४
बाई आल्या. मुलीच्या कॉलेजची फी वीस तारखेच्या आत भरायचीय म्हणाल्या. मी सांगितलं, चार पानांचा फॉर्म एका पानाच्या फीत परवडत नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. वाटलं, चिडतील, फॉर्म उचलून दुसऱ्या डॉक्टरकडे जातील. बरं म्हणाल्या आणि गेल्या.

शनिवार, १५
बाईंनी टेलरचं मशीन विकायला काढलंय, कंपाउंडर म्हणाला. मशीन असंही पडूनच होतं. माझ्या फीशी संबंध नाही. जेवण गेलं नाही. ॲसिडिटी.

मंगळवार, १८
फॉर्म भरला. खरी तारीख, खरी गोळी. फी परत द्यायची, माफी मागायची. सकाळपासून वाक्यं पाठ करत होतो.
बाईंनी आल्या आल्या उरलेले पैसे टेबलावर ठेवले. तिसरं पान सावकाश वाचलं. म्हटलं, आता बोलतील.
"घरी नेहमी म्हणायचे," त्या म्हणाल्या, "डॉक्टरांची गोळी घेतली की बरं वाटतं."
हात जोडून गेल्या. पैसे टेबलावरच राहिले.
पावती फाडू का, कंपाउंडरने विचारलं.
हो म्हणालो.