सुपरवायझरला खरं सांग

करमाड,
ता. १२ जानेवारी २०२५

ती. सुलेखाताईस,
सप्रेम जय भीम, वि. वि.

इथं व्यसनमुक्ती केंद्रात येऊन एकेचाळीस दिवस झाले. मोबाईल काढून घेतलाय, म्हणून हे पत्र. हाताची थरथर थांबलीय, अक्षर बघून तुला कळेलच. सकाळी प्रार्थना, मग पास्टरांसोबत बोलणं. तेच आमचे समुपदेशक, स्वतः अकरा वर्षं दारूत घालवलेले. धर्म बदल असं कुणी म्हणत नाय. पण मी आता येशूला हात जोडतो ताई, मनापासून. एकट्यानं लई वेळा सोडून बघितली, जमलं नाय. त्याच्यावर भार टाकला तेव्हा पहिल्यांदा मोकळं वाटलं.

परवा पास्टरांनी विचारलं, तुझी दारू कोण झाकतं. मी तुझं नाव घेतलं आणि लई रडलो. कंपनीतून तुला फोन आला की दर वेळी तू ‘त्याला ताप आलाय’ म्हणतेस. या वेळी खरं सांग. व्हायचं ते होऊ दे.

आहे तशी माया असू दे.
तुझा,
सम्यक

गारखेडा, छ. संभाजीनगर,
ता. २४ जानेवारी

चि. सम्यक यास अनेक आशीर्वाद.

अक्षर खरंच सुधारलंय. शाळेत छड्या खाऊन जे झालं नाही ते पास्टरांनी केलं म्हणायचं.

मी मात्र दमले रे. बारा वर्षं तुला रस्त्यावरून उचलून आणते, तुझ्या उलट्या धुते, वर लोकांशी गोड बोलते. अण्णांनाही तू पुण्याला ट्रेनिंगला गेलास असंच सांगितलंय. रोज पंचशील म्हणणारा बाप तो, येशूचं कळलं तर तुला उंबरा चढू देणार नाही.

तुझ्या सुपरवायझरचा, गोकुळसाहेबांचा फोन आला. ताप म्हणायला तोंड उघडलंच होतं, पण तुझं पत्र आठवलं. दारू सोडायला ठेवलाय, असं सांगून टाकलं. सोमवारी कंपनीचं पत्र आलं. तुला कामावरून काढलंय.

कळवू की नको, यात चार दिवस गेले. आई गेली तेव्हा तू प्यायलास. अपेक्षा पोरीला घेऊन वैजापूरला माहेरी गेली तेव्हाही प्यायलास. आता आणखी एक कारण मीच पोस्टात टाकतेय. भीती वाटते. पण खोटं बोलायचं त्राण राहिलं नाही बाबा.

जपून राहा, एवढंच मागणं.
तुझी,
ताई

करमाड,
ता. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
जय भीम.

पत्र वाचलं आणि पिशवी भरून गेटबाहेर पडलो. इथं कुणी अडवत नाय. खरं सांग म्हणणारा मीच, तरी तुझाच राग आला. जालना रोडला दारूच्या दुकानासमोर उभा राहिलो. तोंडाला पाणी सुटलं, तुझ्यापासून कशाला लपवू. मोठ्यानं म्हणालो, येशू, मला धर. लोक बघायला लागले. बाकी काही झालं नाय, फक्त पाय माघारी वळले. पास्टरांना सगळं सांगितलं, जेवलो, झोपलो. त्याला आज पाच दिवस झाले. प्यायलो नाय.

काम दुसरं बघीन. अण्णांना मात्र तू आता काही सांगू नकोस, खरंही नको. रविवारी त्यांना इथं आण, सम्यकनं बोलावलंय एवढंच म्हण. दारूचं, येशूचं, सगळं मी सांगीन. घरात घेतलं नाय तर बाहेर राहीन, पण शुद्धीत राहीन.

त्यांना माझ्यासमोर बसवलंस की तुझं काम संपलं. बाहेर ओट्यावर सावली आहे. तिथं जरा झोप काढ, ताई.

तुझा,
सम्यक