मलमाच्या डबीतले लोणी

दिनांक ९ सप्टेंबर, बुधवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटे. औषधांच्या दुकानात गिऱ्हाईक नाही, मालक आत आडवे झाले आहेत, आणि मी रिकाम्या डब्या मोजत होतो. चाळीस भरल्या, म्हणून लिहायला घेतले.

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा हात धुऊन, पुसून, वाकून नमस्कार. तुझी पाठ आता कशी आहे? वसतिगृहाच्या गादीखाली फळी टाकून मिळाली का? मुले खुशाल आहेत. (हे वाक्य मी आधी कच्चे लिहून पाहिले.) तुझ्या आत्यासासूबाई रविवारी येऊन सोमवारी परत गेल्या. त्यांचे पत्र आधी पोचले असेल तर ते बाजूला ठेव आणि अगोदर हे वाच. मागच्या वर्षी त्यांनी ‘पोरांचे हाल चाललेत’ एवढे तीन शब्द कळवले आणि तू नर्सिंगची परीक्षा अर्धी टाकून आलीस. या वेळी तसे व्हायचे नाही, म्हणून सगळे क्रमाने लिहितो.

तू सांगितलेस तसा पहिले चार दिवस मी स्वयंपाक केला. पाचव्या दिवशी वकिलाने (तुझ्या थोरल्याला आता अख्खी इमारत याच नावाने हाक मारते, कारण तो हरला तरी बोलायचा थांबत नाही) ताट सरकवले आणि म्हणाला, “मामा, तू भाजीसुद्धा औषधासारखी करतोस.” तुझी धाकटी भुंगी दिवसभर गुणगुणते तशीच आहे, फक्त ताटावर बसली की गप्प. तू गेल्यापासून ती धड जेवलीच नव्हती, हे मी तुला आधी कळवले नाही. मग वकिलाने तोड काढली. शाळेत बाईंनी सांगितले आहे की साय बरणीत घालून हलवली की लोणी होते. “ते आम्ही केले तर आम्ही खाऊ,” म्हणाला.

शनिवारी मी अर्धा लिटर साय आणली, बरणी उकळत्या पाण्यातून काढली, दोघांची नखे तपासली (माझी भुंगीने तपासली) आणि नियम ठरवला की प्रत्येकाने पन्नास वेळा हलवायचे. भुंगी एकोणतीसवरून पुन्हा वीसवर येते, त्यामुळे तिची पाळी संपेना, आणि वकिलाने हरकत घेतली. चारशेच्या सुमारास बरणीतला आवाजच बंद झाला. साय घट्ट होऊन काचेला चिकटली. मला वाटले, बिघडली. सगळ्याच गोष्टी जमतात असे नाही, असे मुलांना समजावत मी बरणी मोरीकडे नेत होतो, तेवढ्यात भुंगीने ती हिसकावली आणि घरभर उड्या मारत सुटली. तिसऱ्या फेरीला आत थप् असे वाजले. पांढऱ्या पाण्यात पिवळा गोळा. तो धुऊन, मीठ घालून पावाला लावला. भुंगीने चार तुकडे खाल्ले. मी मोजले.

उरलेले लोणी दुकानातल्या मलमाच्या दोन कोऱ्या डब्यांत भरले. माझे शिक्षण नववीपर्यंतच, पण लेबलात अक्षर चुकले तर माणूस जातो असे मालक म्हणतात, म्हणून मी तारीख, वजन आणि ‘थंड जागी ठेवावे’ हे सुवाच्य लिहिले. आत काय आहे ते लिहायचे राहिले, कारण ते आम्हा तिघांना माहीत होते. शेजारी भुंगीने माझ्या पेटीतली लाल चिठ्ठी चिकटवली. तिला लाल रंग आवडतो. त्या चिठ्ठीवर छापलेले असते, ‘फक्त बाहेरून लावण्यासाठी’.

रविवारी आत्याबाई आल्या, मुलांना घेऊन जायचे म्हणून रिकामी सुटकेस घेऊन. तीन जिने चढून गुडघे धरलेले. मी पाणी आणायला गेलो, परत येतो तो खिडकीतली डबी त्यांच्या मांडीवर, उघडी, आणि उजवा गुडघा चकाकतो आहे. वकिलाने तोंड उघडले. मी त्याच्याकडे असे पाहिले की आयुष्यात प्रथमच त्याने ते मिटले. ज्या घरात खायचे लोणी मलमाच्या डबीत असते, तिथे आत्याबाई मुलांना तासभरही ठेवणार नाहीत, हे उघड होते. तेव्हा मी म्हणालो, मुले चोळून देतील. दोघांनी एकेक गुडघा घेतला. आपले लोणी संपताना पाहून भुंगीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आत्याबाई म्हणाल्या, “बघ रे, पोर माझ्या गुडघ्यांसाठी रडतंय.” शेजारचे मांजर येऊन पायाशी बसले ते संध्याकाळपर्यंत हलले नाही. त्यावर त्या म्हणाल्या, जनावरालासुद्धा माणूस कळतो.

सोमवारी सकाळी त्या तिन्ही जिने न थांबता उतरल्या. सुटकेसमध्ये मुले नव्हती, दुसरी डबी होती. ती त्यांनी मागून घेतली.

तुझा आज्ञाधारक,
धाकटा

ता. क. – खरे काम एवढेच. त्यांना पत्र घालशील तेव्हा गुडघ्यांची चौकशी जरूर कर, मलमाची करू नकोस.

दुसरा ता. क. – पाकीट चिकटवत होतो तोच आत्याबाईंच्या गावच्या बसचा कंडक्टर त्यांची चिठ्ठी घेऊन आला, सोबत घासलेली रिकामी डबी. लिहितात: “पावाबरोबर संपले. पुढच्या वेळी मीठ कमी घाल. उजव्या गुडघ्याला लावल्यावर बोट चाटले तेव्हाच कळले होते, पण पोरे चोळत होती, म्हणून बोलले नाही. परीक्षा होईपर्यंत सुनेला यातले अक्षर कळवू नकोस.”

तेव्हा वरचे सगळे तू परीक्षा झाल्यावर वाच.